आयपी अ‍ॅड्रेसची लीज रिन्यू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेट गेलं की आधी राउटर बंद-चालू करायचा, मग कॉम्प्युटर बंद-चालू करायचा, आणि तरीही आलं नाही की इंटरनेट देणाऱ्या कंपनीला फोन लावायचा, हा आपला ठरलेला क्रम. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. भागत नाही तेव्हा बऱ्याच वेळा असं निघतं की बाहेरची लाइन ठणठणीत आहे, पण कॉम्प्युटरला घरातल्या नेटवर्कमध्ये पत्ताच मिळालेला नाही, किंवा मिळालेल्या पत्त्याची मुदत वाढत नाही. नात्यातले आणि ओळखीतले लोक याबाबत मला जे विचारत आले, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझा आग्रह एकच: काहीही दाबण्याआधी कॉम्प्युटरकडे आत्ता कोणता पत्ता आहे तो वाचा. निम्मं निदान त्या चार आकड्यांत असतं.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. स्लॅशच्या आधी एक जागा सोडायची, नंतर नाही.

लीज म्हणजे नक्की काय?

पत्ता भाड्याने घेण्याचा करार. नेटवर्कवर बोलायचं तर प्रत्येक उपकरणाला आयपी अ‍ॅड्रेस लागतो. घरात हे पत्ते वाटायचं काम राउटर करतो. त्याच्यातल्या या वाटपाच्या व्यवस्थेला डीएचसीपी सर्व्हर म्हणतात. कॉम्प्युटर नेटवर्कला जोडला की तो हाळी देतो, ‘कुणी पत्ता देतं का?’ राउटर म्हणतो, ‘१९२.१६८.१.१०४ मोकळा आहे, चालेल?’ कॉम्प्युटर म्हणतो, ‘चालेल, तोच द्या.’ राउटर म्हणतो, ‘दिला, २४ तासांसाठी.’ एवढे चार निरोप. त्यांची इंग्रजी नावं डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट आणि अ‍ॅक्नॉलेज. आद्याक्षरं जुळवून जाणकार त्याला ‘डोरा’ म्हणतात.

पत्त्याबरोबर आणखी तीन गोष्टी मिळतात: सबनेट मास्क म्हणजे घरच्या नेटवर्कची हद्द, गेटवे म्हणजे बाहेर जायचं दार, आणि डीएनएस सर्व्हरचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणाऱ्याचा, पत्ता. त्यामुळे लीज बिघडली की नुसता पत्ता जात नाही, सगळंच अडतं.

ही पद्धत आजची नाही. डीएचसीपीच्या नियमांचा पहिला मसुदा १९९३ मधला आणि अजूनही ज्याच्या आधारावर काम चालतं तो, आरएफसी २१३१ नावाचा, मार्च १९९७ मधला. इतकी वर्षं मुरलेली गोष्ट आहे. म्हणून ती अडते तेव्हा दोष सहसा तिच्या नियमांत नसतो, आपण केलेल्या मांडणीत असतो.

मुदत २४ तासांची असेल तर दर २४ तासांनी इंटरनेट तुटायला हवं. तसं का होत नाही?

कारण करार संपायची वाट कुणी बघत नाही. निम्मी मुदत सरली की कॉम्प्युटर ज्या सर्व्हरने पत्ता दिला त्यालाच थेट विचारतो, ‘मुदत वाढवून देता का?’ २४ तासांच्या लीजमध्ये हे १२व्या तासाला होतं. होकार आला की घड्याळ पुन्हा शून्यापासून. हे सगळं मागच्या मागे होतं, तुम्हाला कळतसुद्धा नाही.

उत्तर आलं नाही तर कॉम्प्युटर अधूनमधून विचारत राहतो. मुदतीचे ८७.५ टक्के उलटले, म्हणजे २४ तासांतले २१ तास झाले, की तो त्या एका सर्व्हरचा नाद सोडतो आणि नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून विचारतो. तरीही कुणी ओ दिली नाही तर मुदत संपताक्षणी त्याला तो पत्ता सोडावाच लागतो. नियमच तसा आहे.

याचा निदानाला मोठा उपयोग होतो. इंटरनेट ठरावीक अंतराने तुटत असेल, समजा दर दोन तासांनी, आणि राउटरमध्ये लीजची मुदतही दोन तास असेल, तर लाइनवर संशय घेऊ नका. पत्ता मिळतोय, पण त्याची मुदत वाढत नाहीये. कुठलं तरी सुरक्षा सॉफ्टवेअर किंवा व्हीपीएन मधल्या निरोपांना अडवत असण्याची शक्यता जास्त.

माझा पत्ता कुठे बघू?

विंडोजमध्ये स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधून काळी खिडकी उघडा आणि टाइप करा:

आयपीकॉन्फिग /ऑल

भलीमोठी यादी येईल, घाबरू नका. तुम्ही ज्याने जोडलेले आहात तो अडॅप्टर, म्हणजे नेटवर्कला जोडणारा भाग, शोधा: वाय-फाय किंवा इथरनेट (केबल). बाकीचे ब्लूटूथचे, व्हीपीएनचे, व्हर्च्युअल मशिनचे असतात. ते ‘डिस्कनेक्टेड’ दिसले तरी काळजी नाही. आपल्या अडॅप्टरखाली सहा ओळी वाचा: डीएचसीपी एनेबल्ड, आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, लीज ऑब्टेन्ड, लीज एक्स्पायर्स, डिफॉल्ट गेटवे आणि डीएचसीपी सर्व्हर. शेवटच्या ओळीकडे लोक ढुंकूनही बघत नाहीत, आणि गोम नेमकी तिथेच असते. त्याबद्दल पुढे.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात आपलं कनेक्शन, मग डिटेल्स, मग टीसीपी/आयपी. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘आयपी अ‍ॅडर’.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय. हा कुठून आला?

कॉम्प्युटरने स्वतःच स्वतःला दिला. त्याने हाळी दिली, कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून त्याने १६९.२५४ च्या राखीव पट्ट्यातला एक पत्ता उचलला, तो आणखी कुणी वापरत नाही ना ते तपासलं आणि घेऊन बसला. मॅकवर यालाच ‘सेल्फ-असाइन्ड’ म्हटलेलं दिसतं. या पत्त्यावरून शेजारच्या कॉम्प्युटरशी कदाचित बोलता येईल, पण त्याला गेटवे नसतो. म्हणजे घर आहे, पण रस्त्याकडे उघडणारं दार नाही.

हा पत्ता दिसणं ही खरं तर चांगली खूण आहे. कॉम्प्युटरची नेटवर्क यंत्रणा जिवंत आहे, अडॅप्टर चालू आहे, केबल किंवा वाय-फाय वरकरणी जोडलेलं आहे, एवढं त्यातून कळतं. अडलंय ते फक्त राउटरकडून उत्तर येण्याचं. विंडोज अशा स्थितीतही दर ५ मिनिटांनी पुन्हा विचारून बघतं. म्हणूनच कधी कधी चहा पिऊन येईपर्यंत इंटरनेट आपोआप परत आलेलं असतं आणि शेवटी हात लावलेल्या गोष्टीला श्रेय मिळतं.

आयपीव्ही४ च्या रांगेत ०.०.०.० दिसत असेल तर अडॅप्टर अजून पत्त्याविना आहे, विचारणा चालू आहे किंवा नुकतीच फसली आहे. ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असेल तर लीजचा प्रश्नच उद्भवत नाही. केबल नीट बसलेली नाही, वाय-फाय जोडलेलं नाही किंवा अडॅप्टर बंद आहे.

लीज स्वतः रिन्यू कशी करायची?

विंडोजमध्ये काळी खिडकी या वेळी स्टार्टमध्ये सापडलेल्या ‘सीएमडी’वर राइट-क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. मग एकापाठोपाठ:

आयपीकॉन्फिग /रिलीज
आयपीकॉन्फिग /रिन्यू

पहिल्या कमांडने पत्ता परत दिला जातो, दुसरीने नव्याने मागितला जातो. रिन्यूला काही सेकंद लागतात. उत्तर येतच नसेल तर मिनिटभरही लागतो. तेवढा वेळ खिडकी बंद करू नका.

मॅकवर वर सांगितलेल्या टीसीपी/आयपीच्या पानावरच ‘रिन्यू डीएचसीपी लीज’ असं बटण आहे. लिनक्सवर कोणता प्रोग्रॅम नेटवर्क सांभाळतो त्यावर ठरतं. नेटवर्क-मॅनेजर असेल तर कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करणं पुरे. सिस्टिमडी-नेटवर्कडी असेल तर ‘नेटवर्कसीटीएल रिन्यू’ आणि पुढे अडॅप्टरचं नाव. जुन्या मार्गदर्शनात ‘डीएचक्लायंट’ दिसेल, पण तो प्रोग्रॅम बनवणाऱ्या संस्थेने त्याची देखभाल २०२२ मध्ये थांबवली. तुमच्या सिस्टिमवर तो नसला तर आश्चर्य नको.

रिलीज न करता नुसतं रिन्यू केलं तर?

चालतं, आणि साध्या अडचणीत तेच करावं. नुसत्या रिन्यूमध्ये कॉम्प्युटर हातातला पत्ता धरून मुदतवाढ मागतो. रिलीजमध्ये आहे तो पत्ता आधी सोडतो. म्हणजे रिलीज केलं आणि नंतर राउटरने उत्तर दिलं नाही, तर होतं नव्हतं तेही गेलं.

आणि एक: कॉम्प्युटरसमोर न बसता दुरून त्याच्यावर काम करत असाल तर नुसतं रिलीज चुकूनही करू नका. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडल्यासारखं होईल. करायचंच असेल तर दोन्ही कमांड एकाच ओळीत, मध्ये ‘&’ हे चिन्ह घालून लिहा.

रिन्यू केल्यावर एरर येते. तिचा अर्थ काय?

‘रिक्वायर्स एलिव्हेशन’ आलं तर खिडकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली नाही. ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ हे बहुतेक वेळा न वापरलेल्या अडॅप्टरबद्दल असतं, तिकडे दुर्लक्ष करून आपल्या अडॅप्टरचं काय झालं ते बघा. ‘नो अ‍ॅडॅप्टर इज इन द स्टेट पर्मिसिबल’ असं काही आलं तर अडॅप्टरवर पत्ता हाताने भरून ठेवलेला आहे, रिन्यू करायला लीजच नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन आयपी मिळवण्याचा पर्याय ‘ऑटोमॅटिक’ करा. कधी तरी कुणी दुरुस्ती करताना पत्ता हाताने भरतं आणि विसरतं. दोन वर्षांनी राउटर बदलला की ते वर येतं.

राहिली ती ‘अनेबल टू काँटॅक्ट युवर डीएचसीपी सर्व्हर, रिक्वेस्ट हॅज टाइम्ड आउट’. तिच्यासाठी वेगळा प्रश्नच करतो.

सर्व्हरशी संपर्क होत नाही म्हणतंय. चूक कॉम्प्युटरची की राउटरची?

हे ठरवायला दुसरं उपकरण लागतं. फोन घ्या, त्याचं वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा. आधीपासून जोडलेला फोन तसाच तपासू नका. त्याच्याकडे जुनी लीज शिल्लक असू शकते आणि राउटरचं वाटप बंद असूनही तो मजेत चालेल. नव्याने जोडल्यावर त्यालाही पत्ता मिळत नसेल तर दोष राउटरकडे. फोनला मिळतोय आणि कॉम्प्युटरला नाही, तर दोष कॉम्प्युटरकडे किंवा त्या दोघांमधल्या वाटेत.

राउटरकडे असेल तर बघायच्या गोष्टी तीन. तो खूप दिवस चालून अडकला असेल तर बंद करून, अर्धं मिनिट थांबून चालू करा. त्याच्या सेटिंगमध्ये डीएचसीपी सर्व्हर बंद केला गेला आहे का ते बघा. पण तिथे पोचायलाही पत्ता लागतो, म्हणून कॉम्प्युटरला तात्पुरता हाताने १९२.१६८.१.५० सारखा, राउटरच्याच मालिकेतला, म्हणजे पहिले तीन आकडे तेच असलेला, पत्ता द्या. राउटर १९२.१६८.०.१ वर असेल तर तिसरा आकडा त्याप्रमाणे बदला. काम झालं की सेटिंग पुन्हा ऑटोमॅटिक करायला विसरू नका. तिसरी शक्यता, वाटायचे पत्तेच संपलेत.

कॉम्प्युटरकडे असेल तर वाय-फाय सोडून केबलने जोडून बघा, किंवा उलट. केबल आणि वाय-फाय हे दोन वेगळे अडॅप्टर, त्यांचे ओळखक्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस वेगळे, लीजही वेगळी. एकावर चाललं तर तपासाचा पसारा एकदम निम्मा होतो. वाय-फायच्या चारही काड्या भरलेल्या दिसतात म्हणून पत्ता मिळालाच असेल असं धरू नका; काड्या फक्त रेडिओचा जोर सांगतात.

मग विंडोजमध्ये ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘डीएचसीपी क्लायंट’ चालू आहे आणि ‘ऑटोमॅटिक’वर आहे ना ते बघा. सिस्टिम ‘वेगवान’ करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं ही सेवा बंद करून ठेवू शकतात. त्यानंतर संशयित म्हणजे बाहेरून टाकलेलं अँटिव्हायरस, फायरवॉल आणि व्हीपीएन. डीएचसीपीचे निरोप यूडीपीच्या ६७ आणि ६८ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात. ते अडले की सगळं अडलं. नुसतं ‘डिसेबल’ केल्याने भागत नाही, कारण त्यांचा एक तुकडा अडॅप्टरला चिकटून राहतो. काढून टाकूनही कधी कधी राहतोच. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे ‘सेफ मोड विथ नेटवर्किंग’मध्ये कॉम्प्युटर सुरू करणं. तिथे पत्ता मिळाला तर दोषी सॉफ्टवेअर आहे, तार नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघितलं तर आणखी ठाम उत्तर मिळतं.

घरात दहाच उपकरणं आहेत. पत्ते संपतील कसे?

मोजायला बसलात तर दहा राहत नाहीत. टीव्ही, स्पीकर, बल्ब, कॅमेरे, प्रिंटर, पाहुण्यांचे फोन. नेहमीच्या घरगुती मालिकेत २५४ पत्ते असतात, पण राउटर त्यातला ठरावीक पट्टाच वाटतो. कुणी तो १०० ते १४९ असा ठेवला असेल तर पत्ते झाले ५०.

त्यात फोनचा नवा शहाणपणा. अँड्रॉइड १० पासून, २०१९ मध्ये, आणि आयओएस १४ पासून, २०२० मध्ये, फोन आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस न सांगता प्रत्येक नेटवर्कसाठी बनावट सांगतात. गोपनीयतेसाठी ते चांगलंच आहे. पण बनावट पत्ता बदलला की राउटरच्या लेखी तो नवा पाहुणा असतो, आणि जुन्या नावावरची लीज मुदत संपेपर्यंत अडकून पडते. विंडोजमध्येही ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ आहे आणि त्यात ‘रोज बदला’ असा पर्याय आहे. मुदत सात दिवसांची आणि मॅक रोज बदलणारा असला तर एकटा लॅपटॉप सात पत्ते दाबून बसेल.

उपाय सोपे: पट्टा मोठा करा, २ ते २५४ मधला मोठा भाग द्या, मुदत कमी करा, घरच्या नेटवर्कपुरतं रँडम मॅक बंद ठेवा. तिन्ही एकदम करायची गरज नाही.

पत्ता १६९.२५४ चा नाही, पण नेहमीचाही नाही. १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.० आलाय.

आता ती ‘डीएचसीपी सर्व्हर’ची ओळ वाचा. तिथे तुमच्या राउटरचा नसलेला पत्ता असेल तर घरात दोन वाटप करणारे आहेत.

हे मी स्वतःच्या घरात केलंय. वाय-फायची रेंज वाढवायला कपाटातला जुना राउटर काढला, आतल्या खोलीत ठेवला आणि नव्याच्या लॅन पोर्टपासून, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचेपासून, जुन्याच्या लॅन पोर्टपर्यंत केबल टाकली. रेंज झकास आली. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी सुरू: कधी चालतं, कधी नाही, कुणाचं चालतं, कुणाचं नाही. मी दोन संध्याकाळी केबल बदलण्यात घालवल्या. खरा प्रकार असा की कॉम्प्युटरने हाळी दिली की दोन्ही राउटर उत्तर द्यायचे आणि सहसा ज्याचं आधी पोचेल त्याचा पत्ता घेतला जायचा. जुना जिंकला की तो गेटवे म्हणून स्वतःचा पत्ता सांगायचा, आणि त्याच्या मागे इंटरनेट नव्हतंच. रिलीज-रिन्यू केलं की कधी नवा जिंकायचा, आणि मला वाटायचं रिन्यूने दुरुस्त झालं.

दुरुस्ती पाच मिनिटांची: जुन्या राउटरचा डीएचसीपी सर्व्हर बंद करायचा, त्याला नव्या राउटरच्या मालिकेतला पण वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा पत्ता द्यायचा, जसा १९२.१६८.१.२, आणि केबल लॅन पोर्टमध्येच ठेवायची. ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडला की हे सगळं तो स्वतः करतो. कॉम्प्युटरवरचं ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ चालू राहिलं तरी हाच घोटाळा होऊ शकतो, कारण त्यातही वाटप करणारा सर्व्हर असतो.

‘हा पत्ता दुसरं कुणी वापरतंय’ असा संदेश येतो.

दोन कारणं मला सारखी भेटतात. एक, प्रिंटर किंवा कॅमेऱ्याला हाताने दिलेला पत्ता राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातच पडतो. राउटरला ते माहीत नसतं, तो तोच पत्ता तुम्हाला देऊन बसतो. दोन, राउटर बंद-चालू झाल्यावर काही स्वस्त राउटर आपली वाटपाची वही विसरतात. कॉम्प्युटर आणि फोन मात्र जुन्या लीजवर चालूच असतात. राउटर कोऱ्या वहीतून पहिल्या आकड्यापासून वाटायला लागतो आणि टक्कर होते.

म्हणून राउटर बंद-चालू केलात तर सगळ्या उपकरणांचं वाय-फायही एकदा बंद-चालू करा. ‘राउटर रिस्टार्ट केल्यावर उलट जास्तच बिघडलं’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथे आहे.

रिलीज-रिन्यू केलं तरी तोच पत्ता परत येतो. काम झालं नाही का?

झालं. राउटर मॅक अ‍ॅड्रेसवरून ओळखतो आणि मोकळा असेल तर पूर्वीचाच पत्ता देतो. ‘लीज ऑब्टेन्ड’ची वेळ आत्ताची दिसली की झालं.

मला इंटरनेटवर दिसणारा माझा पत्ता बदलायचा आहे. हीच कमांड ना?

नाही. कॉम्प्युटरची लीज घरातल्या राउटरशी असते. बाहेर दिसणारा पत्ता राउटरला कंपनीकडून मिळतो, त्याचा करार वेगळा. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन किंवा इंटरनेटच्या पानावर रिलीज-रिन्यूची बटणं असतील तर तिथे प्रयत्न करा. जोडणी पीपीपीओई ची असेल, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरलेला असेल, तर तिथे लीज नसतेच. तोडून पुन्हा जोडणं हाच मार्ग. आणि राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल तर तुमच्या राउटरच्या पलीकडे कंपनीचाच आणखी एक वाटपाचा थर आहे. तुम्ही काही केलंत तरी बाहेर दिसणारा पत्ता तुमच्या हातात नाही.

लॅपटॉप झोपेतून उठला की पत्ता जातो. रिस्टार्ट केला की येतो.

झोपेत असताना मुदत उलटून जाते. उठल्यावर त्याने नव्याने मागायला हवं, पण वाय-फायचा अडॅप्टर अजून पुरता जागा नसतो आणि पहिल्या हाका वाऱ्यावर जातात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरचा ताजा ड्रायव्हर टाका. तोवर रिस्टार्टऐवजी अडॅप्टर डिसेबल-एनेबल करा, तेवढंच काम होतं.

लीजच्या तारखेत एकोणिसाव्या शतकातलं वर्ष दिसतंय!

विंडोज कधी कधी ‘लीज ऑब्टेन्ड’मध्ये सुमारे १३६ वर्षं मागची तारीख दाखवतं. ३२ बिटांत मावणाऱ्या सेकंदांचा सगळा हिशेब केला तर तो साधारण १३६ वर्षांचाच होतो, म्हणजे ही आकडेमोडीतली गल्लत आहे. इंटरनेट चालत असेल तर हसून सोडून द्या. मात्र तारीख थोडीच चुकलेली असेल, काही महिने किंवा वर्षं, तर कॉम्प्युटरचं घड्याळ तपासा. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली असू शकते.

नेटश विनसॉक रिसेट वगैरे कमांड चालवू का?

शेवटी. सगळीकडे त्या पहिल्या उपाय म्हणून सांगितलेल्या असतात, पण पत्ते संपलेले असतील किंवा घरात दोन राउटर भांडत असतील तर त्यांचा काडीचा उपयोग नाही. ‘नेटश विनसॉक रिसेट’ आणि ‘नेटश इंट आयपी रिसेट’ या दोन्ही कॉम्प्युटरमधली बिघडलेली नेटवर्क सेटिंग मूळपदावर आणतात. सेफ मोडमध्ये पत्ता मिळतोय आणि एरवी नाही, अशा वेळी कामाला येतात. दुसरीने हाताने भरलेले पत्ते पुसले जातात, ते आधी लिहून ठेवा. नंतर रिस्टार्ट हवाच.

त्यापेक्षा कायमचा पत्ता हाताने देऊन टाकला तर कटकट मिटेल ना?

आज मिटेल, पुढे वाढेल. राउटर बदलला, मालिका बदलली किंवा लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर नेला की अडलात. कायमचा पत्ता हवाच असेल, प्रिंटरला किंवा फाइल साठवायच्या डब्याला, तर राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ करा. उपकरण नेहमीसारखं लीजच मागतं, राउटर त्याच्यासाठी राखलेला पत्ता देतो. रिझर्व्हेशन उपकरणाच्या मॅक अ‍ॅड्रेसवर चालतं, तेव्हा त्या उपकरणावर रँडम मॅक बंद हवा.

मुदत किती ठेवावी?

घरासाठी २४ तास. राउटरमध्ये सेकंदांत विचारलं तर ८६,४००. येणारे-जाणारे खूप असतील तर दोन-चार तास. अमर्याद मुदत ठेवू नका, एकदा आलेल्या पाहुण्याच्या नावावर पत्ता कायमचा जातो.

पत्ता आहे, गेटवे आहे, तरी साइट उघडत नाहीत.

मग लीजला दोष देऊ नका. आधी गेटवेला पिंग करा, म्हणजे काळ्या खिडकीत ‘पिंग’ आणि पुढे त्याचा पत्ता टाइप करून उत्तर येतं का बघा, मग बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला. गेटवे उत्तर देतो आणि बाहेरचा देत नाही, तर राउटरच्या पुढची लाइन बघा. दोन्ही देतात आणि नावाने साइट उघडत नाही, तर डीएनएस. ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ करून बघा.

‘एफई८०’ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसतो. तो बिघाड आहे का?

नाही. तो आयपीव्ही६ चा स्थानिक पत्ता, सगळं नीट चाललेलं असतानाही असतो. १६९.२५४ सारखा तो धोक्याचा इशारा नाही.

कंपनीला फोन करण्याआधी काय टिपून ठेवू?

‘आयपीकॉन्फिग /ऑल’मधल्या त्या सहा ओळी, राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता, दुसऱ्या उपकरणाला नव्याने जोडल्यावर काय झालं ते, आणि इंटरनेट शेवटचं कधी तुटलं त्याची वेळ. राउटरला वॅन पत्ता मिळालेला असेल तर पलीकडचा माणूस ‘आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय’ म्हणेल, आणि तो खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. वॅनच्या जागी ०.०.०.० असेल तर पहिल्याच वाक्यात ते सांगा. ‘कॉम्प्युटर रिस्टार्ट करून बघा’ या पायरीवरची दहा मिनिटं वाचतील.